आईनं सांगितलेला शेवट

घाटकोपरच्या आमच्या चाळीत सिनेमा बघायची एक पद्धत होती, ती मला पुढे आणखी कुठे दिसली नाही. सगळ्या बायका मिळून एकीलाच थेटरात पाठवायच्या. पोरं, पाणी, पाळीवरून येणारे नवरे, एवढं सगळं टाकून सगळ्यांना कुठून जमणार? म्हणून एकीनं जाऊन बघून यायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. ती एक म्हणजे माझी आई. तेवढा वेळ ताईला आणि मला शेजारच्या मावशी सांभाळायच्या.

आई मॅटिनीला जाऊन यायची आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारी गॅलरीत बसून सिनेमा सांगायची. मध्ये सुपात सुकट, सगळ्यांचे हात सुकटीची डोकी मोडण्यात आणि कान आईकडे. एरवी घरात ती मालवणी बोलायची, पण सिनेमातली माणसं बोलायला लागली की एकदम शुद्ध मराठी. सिनेमा हिंदी असला तरीही. हिरो, व्हिलन, सासू, सगळे तिच्या तोंडून क्रमिक पुस्तकातलं बोलायचे. गाणं आलं की दोन ओळी बेसूर गुणगुणायची आणि म्हणायची, "हंय गाणा आसा." अर्ध्यावर आली की खुशाल उठून चहा टाकायला जायची. तो इंटरवल. बायकांनी कितीही आरडाओरडा केला तरी चहा झाल्याशिवाय पुढचं सांगायची नाही.

या सगळ्यात एक सिनेमा असा होता की तो बायका पुन्हा पुन्हा मागून घ्यायच्या. गरीब मास्तरांची मुलगी बंगल्यात लग्न होऊन जाते. नणंद तिच्याबद्दल नवऱ्याचे कान भरते. नवरा संशय घेतो, मारतो. शेवटी खरं काय ते कळतं, आणि तो तिला म्हणतो, झालं गेलं विसर, चल आत. तेव्हा ती दारापाशी जाते, मागे वळते आणि म्हणते, "या घरात आले ती माझ्या पायांनी आले. हे पाय माझे आहेत. कुठे न्यायचे ते मी ठरवीन." आणि उंबरा ओलांडून निघून जाते. समाप्त. हे सांगताना आई सूप बाजूला ठेवायची, मान ताठ करायची, आणि बसल्या बसल्या तिचा आवाजच बदलायचा. अंगावर काटा यायचा माझ्या.

हा सिनेमा आम्ही दोघींनीही बघितला होता. म्हणजे बहुतेक बघितला होता. मी पाचेक वर्षांची आणि ताई नऊ-दहाची असताना तो पुन्हा मॅटिनीला लागला तेव्हा आई आम्हाला घेऊन गेली. मला त्यातलं एकच लख्ख आठवायचं: हिरोचं घड्याळ मनगटावरून सुटून पडतं आणि हिरॉइन ते उचलून त्याला परत बांधते. मला ते इतकं आवडलं होतं की घरी बाबांच्या हाताला घड्याळ बांधायचा खेळच झाला माझा. पण शेवट आम्ही पाहिलाच नाही. आई म्हणायची, मी ऐनवेळी भोकाड पसरलं म्हणून शेवटाआधीच उठावं लागलं. तो तिनं आम्हाला घरी येता येता रस्त्यात सांगितला. ताई मला त्यावरून लहानपणी सतत चिडवायची. "हिच्यामुळे माझा शेवट गेला," म्हणायची.

हे सगळं सांगायचं कारण, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला ताई सासरहून निघून आली.

सासर बोरिवलीला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एका दुपारी हातात एक पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली. कुणी काही विचारलं की उजवा कान पुढे करून ऐकायची, तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. भावोजींनी कानफटीत मारली होती. कशावरून, तर डबा उशिरा झाला म्हणून. तीही पहिली वेळ नव्हती.

बाबा गिरणी सुटल्यापासून मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन होते. माणूस वाईट नाही, पण घाबरट. "चुकला तो. मी समजावतो त्याला. पण म्हणून कोण घर मोडतं का?" हेच एक धरून बसले. आमची खोली दहा बाय बारा. त्यात आम्ही चौघं. ताई रात्री भिंतीला लागून झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गादी गुंडाळायची, पाहुण्यासारखी. मला तिडीक जायची बघून. स्वतःच्या घरात काय ती अशी चोरट्यासारखी वावरणार?

आणि आई? आई मूग गिळून बसलेली. ताईच्या कानात कोमट तेल घालायची, तिच्या आवडीची तिसऱ्यांची आमटी करायची, पण "नको जाऊस" हे दोन शब्द काही तोंडातून बाहेर पडत नव्हते. ताई मात्र त्याचीच वाट बघत होती. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, "आई एकदा बोलली ना, की मी कुणाच्या बापाला भीत नाही." मी म्हटलं, "आपल्या बापाला पण?" तर हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली ती.

मी तेव्हा मरोळच्या एका कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडायला जायचे. वय वीस आणि डोकं कायम तापलेलं. मला वाटलं, घरात कुणाला बोलता येत नाहीये ना, मग बोलेल असं कुणीतरी आणू या.

चाळीचा सत्यनारायण जवळ आला होता. त्या वर्षी मंडळानं पूजेच्या दुपारी व्हिडिओ लावायचं ठरवलं. पोरांना मारामारीचा नवा सिनेमा हवा होता. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि भांडले. दर वर्षी तुमच्याच मनासारखं का, चाळीतल्या बायकांनी काय नुसता शिरा ढवळायचा, असं बरंच काही. आणि आईच्या त्या सिनेमाचं नाव घेतलं. बायका एकदम खूश. वर्षानुवर्षं कानांनी बघितलेला सिनेमा आता डोळ्यांनी बघायला मिळणार. मावशी तर म्हणाल्या, "हिरॉइनची साडी कुठल्या रंगाची ते बघायचंय गं मला." मी म्हटलं, "मावशी, ब्लॅक अँड व्हाइट आहे." सगळे हसले.

हसली नाही ती एक आई. घरी आल्यावर म्हणाली, "कशाक गो तो? जुनो सिनेमा. पोरांक कंटाळो येतलो." मला वाटलं, लाजतेय. तिच्या सांगण्याचं एवढं कौतुक, उगीच भाव खातेय. मी म्हटलं, "गप गं आई. मला माहितीये मी काय करतेय." तिनं ताईकडे बघितलं. ताई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती आणि गालात हसत होती. आई चहा टाकायला उठली. तेव्हा मी जरा थांबून तिच्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं. पण मी कसली बघतेय? मी आपली माझ्याच तोऱ्यात.

माझा डाव असा होता. बाबांनी भावोजींना तीर्थप्रसादाला बोलावलं होतं. बाबांचा तोही एक डावच, चार माणसांत ताईला नाही म्हणता येणार नाही. मला ते कळलं तेव्हा आधी संताप आला, मग म्हटलं, झकास. येऊ दे. बसू दे पहिल्या रांगेत. आख्ख्या चाळीदेखत ती हिरॉइन दारात उभी राहून बोलेल, आणि बाबा ऐकतील, आणि भावोजी ऐकतील. आणि आईला बोलायचं बळ येईल. एवढा साधा हिशोब होता माझा.

स्टेशनजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत ती कॅसेट होती. दुकानदारानं सुरुवातीची पाच मिनिटं लावून दाखवली. प्रिंट बरी होती. पुढचं बघायचं मला सुचलंही नाही. पाठच होता ना सिनेमा.

सकाळी पूजा झाली, आरती झाली, जेवणं झाली. दुपारी तीनच्या सुमाराला मंडळाच्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या आणि टीव्ही टेबलावर चढवला. बायका चटयांवर, पुरुष मागे, ज्या चार खुर्च्या होत्या त्यातल्या एकीवर जावई म्हणून भावोजी. शेजारी बाबा. आई भिंतीला टेकून बसली. ताई तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, उजवा कान टीव्हीकडे करून.

पहिल्या दहा मिनिटांतच मला कसंतरी व्हायला लागलं. हिरो कॉलेजात शिकतो म्हणे, आणि पोट शर्टात मावत नाही. बंगल्याचा जिना चढताना कोणी जोरात पाय टाकला की मागची भिंत हलायची. पोरं खिदळायला लागली. त्यात एक तोतरा नोकर होता, विनोदासाठी घातलेला. आई त्याची नक्कल करायची तेव्हा आम्ही हसून लोळायचो. इथे मात्र आमच्या मंडळाचे खजिनदार, जे स्वतः तसंच बोलायचे, ते बाजूलाच बसले होते. नोकर तोंड उघडायचा आणि ते आपले खाली चटईकडे बघत राहायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे असं होतं यात? मग आम्हाला का नाही कळलं कधी?

मग ती मारायची जागा आली. नवऱ्यानं तिच्या कानफटीत मारली. एकदा नाही, तीनदा, आणि प्रत्येक वेळी मागे ढोल वाजला. मागची दोन-तीन पोरं शिट्ट्या मारायला लागली. ताईचा हात आपसूक डाव्या कानावर गेला. आणि मारता मारता त्याचं घड्याळ सुटून खाली पडलं.

तेच घड्याळ. ती उठली, गालावर बोटं उमटलेली, तिनं घड्याळ उचललं, काच पदरानं पुसली आणि त्याच्या मनगटावर बांधलं. बांधता बांधता म्हणाली की तुमच्या हाताला लागलं तर नाही ना. पाच वर्षांची असताना मला हेच आवडलं होतं. हेच मी खेळायचे. स्वतःचीच एवढी शिसारी मला आधी कधी आली नव्हती.

तरी मी धीर धरला. म्हटलं, हे सगळं होऊ दे. शेवट यायचाय अजून. शेवट आला की सगळ्याचं उट्टं निघेल. मी ताईचा हात दाबला. तिनंही उलट दाबला.

शेवट आला. तो म्हणाला, झालं गेलं विसर. ती दारापाशी गेली. मागे वळली. आख्ख्या खोलीतल्या बायका सावरून बसल्या. त्यांना सगळं पाठ होतं, पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं. आणि ती हिरॉइन धावत आली आणि त्याच्या पायांवर पडली. म्हणाली, मीच कुठेतरी कमी पडले, या पायांशिवाय मला दुसरी जागा नाही. त्यानं तिला उठवलं. नणंद रडली. देवघरातली घंटा आपोआप वाजली. समाप्त.

मग मावशी म्हणाल्या, "अगो, पण ती जाते ना?"

"कॅसेटीत कायतरी कापल्यानी," आई म्हणाली. "शेवट असो नाय. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. शेवट असो नाय."

कुणीतरी हसलं. कापली असती तर हे जास्तीचं कुठून आलं, असं एक पोरगा म्हणाला, आणि खरंच होतं ते. मागे बाबा डोळे पुसत होते. "असा असतो संसार," म्हणाले, कुणालाच नाही, असंच. आणि भावोजींच्याही डोळ्यात पाणी होतं. ते खोटं असतं तर मी त्यांना शिव्या घातल्या असत्या. पण खोटं नव्हतं ते. माणूस खरोखरच गहिवरला होता. उठून बाबांना म्हणाले, "मी आजच घेऊन जातो तिला." आणि खोलीतल्या सगळ्यांना ते इतकं बरोबर वाटलं की दोघी-तिघी बायकांनी ताईच्या पाठीवरून हात फिरवला. ज्या बायकांच्या अंगावर त्या दुसऱ्या शेवटानं काटा यायचा, त्याच.

मी काय करणार होते? चार माणसांत तोंड उघडून काय सांगणार होते, की सिनेमा चुकीचा लागला? कॅसेट मीच आणली होती. भांडून आणली होती.

खोलीवर ताई पिशवी भरायला लागली. आई चुलीपाशी उभी, मी दाराशी. मी म्हटलं, "ताई, नको जाऊस. तो एक फालतू सिनेमा आहे. त्याचं काय एवढं?" ती घड्या घालत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू रडली नव्हतीस गं तेव्हा. थेटरात. माझ्या मांडीवर झोपली होतीस. आईनं तुला झोपेतच उचललं आणि मला हाताला धरून ओढत बाहेर आणलं. चिडवायचे तुला, पण मला आठवतंय. मला फक्त कळत नव्हतं, का ते."

आईनं भिंतीकडे तोंड केलं.

"तू एकदा बघून आली होतीस ना आधी?" ताईनं तिला विचारलं. रागानं नाही. "तुला माहीत होता शेवट."

"तुमका काय सांगू मगे?" आई म्हणाली. "दोन चेडवां माझी. तुमका पोरींक काय तां सांगू?"

एवढंच. मी वाट बघत होते की आता तरी ती म्हणेल, नको जाऊस. ताईसुद्धा पिशवीची चेन लावायला उगीच वेळ घेत होती, मला दिसत होतं. पण आईकडे जेवढं होतं तेवढं तिनं त्या गोष्टीत घालून टाकलं होतं बहुतेक. बाहेर बोलायला काही उरलं नव्हतं. खालून बाबांनी हाक मारली. ताईनं वाकून आईला नमस्कार केला आणि गेली. मी बस स्टॉपपर्यंत तिची पिशवी घेऊन गेले. भावोजी वाटेत गोड बोलत होते. त्यांचं बोलणं ताईच्या डाव्या बाजूनं येत होतं, तिला ते कितपत ऐकू येत होतं कोण जाणे.

त्यानंतर आईनं सिनेमा सांगणं बंद केलं. बायका म्हणायच्या, सांग ना गं. ती म्हणायची, आता घरोघरी टीव्ही आहे, सांगायचं काय? आणि सुकट निवडत राहायची. मी तिच्याशी महिनाभर नीट बोलले नाही. स्वतःवरचा राग तिच्यावर काढला, दुसरं काय.

ताईला मुलगी झाली. मारणं कमी झालं म्हणायची, थांबलं असं कधी म्हणाली नाही. गणपतीत दोन दिवस यायची, मे महिन्यात चार. पोरगी साडेतीन-चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मे महिना, दुपारची वेळ, भावोजी संध्याकाळी न्यायला येणार होते. आम्ही तिघी फणसाच्या आठळ्या सोलत गॅलरीत बसलो होतो. पोरगी गोष्ट सांग म्हणून ताईच्या मागे लागलेली. आणि ताईनं चक्क तो सिनेमा सांगायला सुरुवात केली. गरीब मास्तरांची मुलगी, बंगला, नणंद. घड्याळ तिनं गाळलं. मी आईकडे बघितलं. आईचे हात थांबले होते.

ताई शेवटाला आली. आठळ्यांचं ताट बाजूला ठेवलं, मान ताठ केली. "या घरात आले ती माझ्या पायांनी आले. हे पाय माझे आहेत. कुठे न्यायचे ते मी ठरवीन." एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाजसुद्धा आईचा. "आणि ती उंबरा ओलांडून निघून गेली. समाप्त."

पोरगी विचार करत बसली. मग म्हणाली, "कुठे गेली?"

ताईनं ताट पुन्हा पुढे ओढलं. तिनं आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं आख्ख्या चाळीनं ती गोष्ट ऐकली, डोळे पुसले, पण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आईनं तिला उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं होतं. पुढे जागाच केली नव्हती तिच्यासाठी. आणि माझ्या मागे आमची दहा बाय बाराची खोली होती, भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या गाद्या होत्या.

"सांग ना, मग ती राहिली कुठे?"

खाली भावोजींनी स्कूटरचा हॉर्न वाजवला. ताईनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या पायांत बूट चढवायला लागली.